वाडगा वाढदिवसाला द्यायचाय? आत्ताच सुरू करा

रबाळ्याला उतरून एमआयडीसीच्या दिशेनं चाला. एखाद्या गाळ्याच्या अर्ध्या उघड्या शटरमागून लेथचा आवाज येतोच. तिथं लोखंड कातलं जातं आणि हत्यार यंत्रालाच घट्ट बसवलेलं असतं. लाकडाच्या लेथवर हत्यार तुमच्या हातात. सगळी मजा तिथं, आणि धोकाही तिथंच. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं अशीच गोल होतात. हे काम करणाऱ्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, कातारी.

रीलमध्ये ओंडक्याचा चकचकीत वाडगा मिनिटभरात होतो. ते बघून तुम्ही मैत्रिणीच्या पुढच्या आठवड्यातल्या वाढदिवसाचा बेत आखला असेल, तर थांबा.

पावसात पडलेल्या झाडाचा तुकडा मिळवलात (विचारून हं, पडलेलं झाड बेवारस नसतं), तर तो ओला असणार. ओलं लाकूड कातायला भारी, लांबच लांब सालपटं निघतात. पण वाळताना ते वर्षवलयांच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच आडवं आकसतं. म्हणजे आज गोल केलेला वाडगा महिन्याभरात लंबगोल, नाहीतर थेट तडा. म्हणून आधी ओबडधोबड कातायचं, भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी जाड ठेवायची. ओंडक्याचा गाभा मात्र वाडग्यात येऊ द्यायचा नाही, भेग बहुधा तिथूनच सुरू होते. मग त्याच्याच सालपटांसकट कागदी पिशवीत घालून ठेवून द्या. दर आठवड्याला आईच्या वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा. वजन उतरायचं थांबलं की वाळला. याला कित्येक महिने लागतात, आपल्या दमट हवेत तर जास्तच. त्यानंतर पुन्हा लेथवर, आणि आता खरा आकार.

‘हार्डवूड’ नावावर जाऊ नका. रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवूड. शिसव, बाभूळ त्यात येतातच, पण एरोमॉडेलिंगवाल्यांचं पिसासारखं बाल्साही!

कातताना बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. उलट गेलात की तंतू उचकटतात. धारेच्या मागचा उतार आधी लाकडाला टेकवा, मग हळूच धार लावा. वेग किती? व्यास इंचांत मोजा. त्याला आरपीएमनं गुणून ६००० ते ९००० यावेत. १० इंचांना ६०० पासून सुरुवात. तुकडा वेडावाकडा असेल तर त्याहून कमी. चालू करण्याआधी हातानं एक फेरा फिरवून बघा.

चेहऱ्यावर शील्ड हवीच. हातमोजे, ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या नकोत. मास्क लावाच, लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे.

शेवटी जवसाचं तेल लावाल. तो फडका चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, तेल सुकताना तापतं आणि फडका आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा, सालपटांच्या ढिगापासून लांब.