स्विच वाढला म्हणून चॅनल वाढत नाही

फ्लायस्कायचा एफएस-आय6 हा सहा चॅनलचा ट्रान्समीटर भारतातल्या हौशी विमान-ड्रोनवाल्यांमध्ये चांगलाच रुळला आहे. नाशिकच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनाही तो नवा नाही. पहिल्या विमानाला सहा चॅनल पुरतात: चार दोन स्टिकांना, दोन वरकामाला. पुढे फ्लॅप, आत घेता येणारी चाके, दिवे असे काहीबाही सुचू लागले की सल्ला मिळतो, ‘उघड, एक स्विच सोल्डर कर, झाला सातवा चॅनल!’ या सल्ल्यामागची समजूतच चुकीची आहे. ट्रान्समीटर दर काही मिलिसेकंदांनी एक संदेश सोडतो आणि चॅनल म्हणजे त्या संदेशातली एक ठरलेली जागा. पाठवणाऱ्याने ती जागा भरली पाहिजे आणि घेणाऱ्याने ती वाचली पाहिजे. दोहोंपैकी एकाला जरी तिचा पत्ता नसला, तर नवा स्विच नुसता टकटक वाजतो.

प्रत्येक चॅनलला वेगळी फ्रिक्वेन्सी लागते, हा समज फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल लावायच्या काळातला. तेव्हा क्रिस्टलवरचा क्रमांक खरोखरच फ्रिक्वेन्सीचा असे, आणि एकाच क्रमांकाचे दोघे मैदानात आले की विमान कोसळायची भीती असे. पण तेव्हाही एका विमानाचे सगळे सर्व्हो (त्याचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) एकाच फ्रिक्वेन्सीवर चालत. पीपीएम (पल्स पोझिशन मॉड्युलेशन) पद्धतीत एकेका चॅनलसाठी 1 ते 2 मिलिसेकंदांचा अवधी असतो. हे अवधी रांगेने जातात आणि शेवटी मोठा विराम येतो. त्या विरामावरूनच रिसीव्हरला नवी फेरी सुरू झाल्याचे कळते. फेरी 22.5 मिलिसेकंदांची धरली, तर आठ चॅनल जास्तीत जास्त 16 मिलिसेकंद खातात आणि विरामाला 6.5 उरतात. दहा कोंबले तर 20 जातात, उरलेला 2.5 मिलिसेकंदांचा विराम आणि चॅनलचा लांब अवधी यांत फरक करणे अवघड होते. मग फेरीच लांबवावी लागते आणि सर्व्होपर्यंत नवी आज्ञा पोचायला किंचित उशीर होतो. म्हणजे ‘चॅनल वाढवले की प्रतिसाद मंदावतो’ या तक्रारीत पीपीएमपुरते तथ्य आहे. ‘रेंज घटते’ ही भर मात्र उगाचची. रेंज ठरते ती प्रक्षेपणाची शक्ती, अँटेना, रिसीव्हरची संवेदनशीलता यांवर.

एफएस-आय6 मध्ये गंमत अशी की जास्तीचे स्विच आधीपासूनच आहेत. स्टिकांचे चार अक्ष, वर चार स्विच, दोन नॉब: एकूण दहा. मूळ फर्मवेअर यांतले दोनच स्विच वा नॉब पाचव्या-सहाव्या चॅनलला जोडू देते. हौशी लोकांनी बदललेले फर्मवेअर मागच्या ट्रेनर पोर्टमधून, यूएसबी-टीटीएल केबलने भरले की दहाही चॅनल हवेत जातात. सोल्डरिंग आयर्न तापवावेच लागत नाही. तापवायचे ते दोन टप्प्यांच्या स्विचजागी तीन टप्प्यांचा बसवण्यासारख्या कामाला, आणि त्यानेही चॅनल वाढत नाही. तरीही अर्धे काम उरतेच, आणि बहुतेक निराशा तिथे होते: रिसीव्हर. एफएस-आयए6बी वर सर्व्होच्या जागा सहाच आहेत. सातव्यापासून पुढचे चॅनल आय-बस या डिजिटल जोडणीच्या एकाच तारेतून फ्लाइट कंट्रोलरकडे जातात. नावात ‘बी’ नसलेल्या आयए6 ला आय-बसच नाही, त्यामुळे तिथे फर्मवेअर बदलून हाती काही लागत नाही. थेट दहा सर्व्हो जोडायचे तर आयए10बी घ्यावा लागतो.

खरे तर पुष्कळांना जास्तीचा चॅनल लागतच नाही. फ्लाइट कंट्रोलरवर चालणारे आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर एकाच चॅनलच्या मूल्याचे सहा पट्टे पाडून सहा फ्लाइट मोड ओळखते. तीन आणि दोन टप्प्यांचे स्विच मिक्स केले की ते सहाही मूळ ट्रान्समीटरवर मिळतात.

बदललेले फर्मवेअर बेकायदा आहे, हा आक्षेपही ऐकू येतो. भारतात 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. प्रभावी प्रक्षेपणाची कमाल मर्यादा 4 वॅट. या ट्रान्समीटरची शक्ती 100 मिलिवॅटच्या आत आहे आणि चॅनलची संख्या वाढवल्याने ती वाढत नाही. अँप्लिफायर जोडणे ही निराळी गोष्ट. त्याची पाठराखण इथे नाही. धोका खरा आहे तो फर्मवेअर बदलल्यानंतरच्या घाईत. सेटिंग्ज पुसल्या गेल्या असे समजूनच चालावे, स्टिकांचे कॅलिब्रेशन आणि फेलसेफ (संपर्क तुटल्यावर काय व्हावे याची सेटिंग) पुन्हा करावे, आणि प्रोपेलर काढून ट्रान्समीटर बंद करून पाहावा. थ्रॉटल शून्यावर आला नाही तर उड्डाण नाही.

नाशिककरांच्या वाटेतली मोठी अडचण चॅनलची नाहीच. ओझरचा विमानतळ आणि एचएएल, देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र, गांधीनगरचे लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र शहरात आणि आसपास आहेत. ड्रोन नियम 2021 नुसार चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही; 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात, ती जागा अन्य कारणाने नकाशावर निर्बंधाच्या लाल किंवा पिवळ्या विभागात नसेल तर, 200 फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमान सहा चॅनलचे की दहाचे, याच्याशी त्या नियमांना काही देणेघेणे नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा हा नकाशा मात्र निघण्याआधी उघडावा लागतो.