हायब्रिड मोटारीतील ट्रान्समिशन ऑइल

हायब्रिड मोटारीच्या ट्रान्समिशनमधील दंतचक्रांना व धारव्यांना (बेअरिंगांना) वंगण देणाऱ्या आणि विद्युत मोटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाला ट्रान्समिशन ऑइल म्हणतात. पुढील वर्णन टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीच्या (उत्पादन २००३ ते २००९) संदर्भात आहे. प्रियस ही मोटार जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये प्रथम विक्रीस आली.

रचना व कार्य

प्रियसच्या ट्रान्समिशनमध्ये क्लचपट्ट्यांच्या साहाय्याने बदलणारे गिअर नसतात. ग्रहीय दंतचक्रसंच इंजिन व दोन मोटर-जनित्रे यांच्यातील शक्तीची विभागणी करतो. ही दोन्ही मोटर-जनित्रे दंतचक्रांसोबत एकाच कवचात बसवलेली असतात. त्यामुळे तेलाचा स्पर्श मोटरींच्या तारांच्या वेटोळ्यांनाही होतो. या मोटरी ५०० व्होल्टपर्यंतच्या दाबावर चालतात, म्हणून तेल विद्युतरोधक असणे आवश्यक ठरते. निर्मात्याने यासाठी 'टोयोटा एटीएफ डब्ल्यूएस' हे तेल निश्चित केले आहे. त्याऐवजी इंजिन ऑइल किंवा साधे गिअर ऑइल वापरू नये. इन्व्हर्टरचे शीतक हा वेगळा द्रव असून त्याची टाकीही स्वतंत्र असते.

पूर्वतयारी

हायब्रिड मोटार 'रेडी' स्थितीत असताना निःशब्द उभी दिसली तरी तिचे इंजिन आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून काम करण्यापूर्वी मोटार पूर्णपणे बंद करून चावी दूर ठेवतात. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या मोटारीखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. भक्कम आधारस्तंभ लावणे अनिवार्य आहे. नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असल्याने त्यांना हात लावू नये.

पातळी तपासणे

या ट्रान्समिशनला तेल मोजण्याची पट्टी नसते. मोटार सर्व बाजूंनी समतल असावी, कारण केवळ पुढील चाके उचलल्यास पातळी चुकीची दिसते. भरणीचे बूच काढल्यावर तेल छिद्राच्या खालच्या कडेपासून ० ते १० मिमी खाली असल्यास पातळी योग्य समजतात. पातळी याहून कमी असल्यास गळतीचा शोध घेणे आवश्यक असते, कारण हे तेल इंजिनात जळून कमी होत नाही.

तेल बदलणे

प्रथम भरणीचे बूच सैल करतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. तेल काढून टाकल्यावर भरणीचे बूच उघडले नाही, तर नवे तेल भरण्याचा मार्गच उरत नाही. त्यानंतर खालचे निचऱ्याचे बूच काढून तेल भांड्यात घेतात व मोजतात. निचरा पूर्ण झाल्यावर नवे वॉशर घालून हे बूच ३९ न्यूटन-मीटर बलाघूर्णाने आवळतात. मग लांब नळी जोडलेल्या नरसाळ्याने भरणीच्या छिद्रातून नवे तेल सोडतात. ट्रान्समिशनची क्षमता सुमारे ३.८ लिटर आहे. तेल छिद्राच्या कडेपर्यंत आले, की भरणे थांबवून बूच लावतात. थोडे अंतर मोटार चालवून दोन्ही बुचांपाशी गळती नाही ना, हे पाहतात. इतर पिढ्यांची क्षमता व बलाघूर्ण त्या त्या मोटारीच्या पुस्तिकेतून पाहावे.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होते. भारतात घातक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ वापरलेल्या तेलालाही लागू होतात. त्यामुळे ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे किंवा ते स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे सोपवणे योग्य ठरते.