राक्षसाचा चेहरा कोण ठरवतं?

आज आपण बोलणार आहोत भुतांबद्दल, वेताळांबद्दल आणि राक्षसांबद्दल. म्हणजे ते खरे असतात की नाही हा आजचा विषय नाही. जुन्या मासिकांत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि कॉमिक्समध्ये ते कसे काढले जायचे, आणि त्या चित्रांनी आपल्याला नेमकं काय शिकवलं, हा विषय आहे.

माझं लहानपण रायपूरच्या गुढियारीत गेलं. स्टेशनाच्या पलीकडची ही वस्ती म्हणजे किराणा-धान्याचा ठोक बाजार. बाजारात पुडे बांधायला रद्दी लागते, आणि त्या रद्दीत काय काय यायचं! हिंदी कॉमिक्स, महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून आलेले चांदोबाचे जुने अंक, मुखपृष्ठ नसलेल्या रहस्यकथा. आम्ही मुलं दुकानात बसून ते गठ्ठे उपसायचो. बहुतेक वेळा शेवटची पानं गायब असायची. राक्षस गुहेतून बाहेर यायचा आणि पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात गोष्टी कमी आणि चेहरे जास्त राहिले.

आधी हे चेहरे घाबरवतात कसे ते बघू.

जुन्या छपाईत रेघांचा ठसा वापरला जायचा. त्यात एक तर शाई लागते किंवा कागद कोरा राहतो, मधला राखाडी रंग मिळतच नाही. मग सावली दाखवायची कशी? चित्रकार एकमेकींना छेद देणाऱ्या बारीक रेघांचं जाळं विणतो. गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराने 1861 मध्ये दान्तेच्या नरकाची चित्रं काढली, त्यातला सगळा अंधार असाच रेघारेघांतून उभा राहिलेला आहे. अमेरिकेच्या बर्नी राइटसनने 1983 मध्ये फ्रँकेन्स्टाइनसाठी चित्रं काढली, तेव्हा छपाई खूप पुढे गेली होती. तरी त्याने मुद्दाम जुनी रेघच धरली. कारण त्या जाळ्यात डोळा अडकतो. अंधारात काहीतरी आहे असं वाटतं, पण ते स्पष्ट दिसत नाही.

दुसरी युक्ती प्रकाशाची. आपल्याला चेहरा वरून पडणाऱ्या उजेडात बघायची सवय असते. तोच उजेड खालून टाकला, तर ओळखीचा चेहराही परका होतो. लहानपणी बॅटरी हनुवटीखाली धरून तुम्हीही भावंडांना घाबरवलं असेल.

तिसरी युक्ती सगळ्यात जुनी: ओळखीची वस्तू चुकीच्या जागी ठेवायची. माणसाच्या धडावर जनावराचं डोकं, हसणाऱ्या तोंडात सुळे, चालणारं प्रेत. पूर्णपणे अनोळखी आकाराची आपल्याला फारशी भीती वाटत नाही. अर्धी ओळख पटली की भीती वाटते.

मराठी वाचकाला या युक्त्या नव्या नव्हत्या. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं असायची. देवदेवतांची चित्रं काढणारा तोच हात काळोखातला बुरखेधारीही काढायचा. आणि 1947 साली मद्रासला सुरू झालेलं ‘चंदामामा’ 1952 पासून मराठीत ‘चांदोबा’ म्हणून आलं, तेव्हा घराघरांत वेताळ आला. के. सी. शिवशंकरन, म्हणजे ‘शंकर’, यांनी काढलेलं ते चित्र आठवा: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान, आणि राजा विक्रम चाललेला.

आता जरा थांबून विचार करा. लहान मुलांच्या मासिकात दर महिन्याला एक प्रेत! तरी कोणाच्या आईने ते मासिक बंद केल्याचं मला आठवत नाही.

त्याच काळात जगात काय चाललं होतं? अमेरिकेत 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं. कॉमिक्स मुलांना बिघडवतात, असं त्यात मांडलं होतं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यानुसार चालती प्रेतं नकोत, रक्तपिपासू नकोत, माणसाचे लांडगे नकोत. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा नको. ही लाट आपल्याकडेही पोचली. 1956 मध्ये भारतात तरुण व्यक्तींसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा झाला. त्यात तरुण म्हणजे वीस वर्षांखालची व्यक्ती. गुन्हे, क्रौर्य किंवा भीषण, किळसवाण्या घटना दाखवून जी प्रकाशनं मुलांना बिघडवू शकतील, ती विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा त्यात मुद्दाम उल्लेख होता.

अमेरिकन संहितेच्या फूटपट्टीने मोजलं, तर चांदोबातला वेताळ पहिल्याच फेरीत बाद होतो. चालतं-बोलतं प्रेतच ते! पण गोष्टीत हा वेताळ करतो काय? राजाला कोडी घालतो, न्याय-अन्यायाचा विचार करायला लावतो. आणि जुन्या वेताळपंचविशीच्या शेवटी तोच राजाला सावध करतो की, ज्या योग्यासाठी तू मला वाहून नेतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. म्हणजे भयानक दिसतो तो मित्र निघतो, आणि साधूच्या वेशातला माणूस खुनी निघतो. दिसण्यावर जाऊ नकोस, हे मुलांना यापेक्षा चांगलं कसं सांगणार?

वेताळाचं आणखी एक गंमत. सिंधुदुर्गातल्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. आणि 1964 पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये ली फॉकच्या ‘फँटम’ला आपल्याकडे नाव मिळालं तेही वेताळच. स्मशानातलं प्रेत, गावाचा राखणदार आणि जंगलातला बुरखेधारी नायक, तिघांचं नाव एक. म्हणजे एखादा आकार भुताचा की देवाचा, हे त्या आकारात लिहिलेलं नसतं. गोष्ट सांगणारा ते ठरवतो.

आणि इथेच मला माझी एक जुनी आठवण सांगायची आहे.

रद्दीतून मिळालेलं एक रामायणाचं चित्रपुस्तक मी शाळेत नेलं होतं. त्यात दंडकारण्यातला राक्षस होता: काळाकभिन्न, जाड ओठांचा, कुरळ्या केसांचा, कमरेला कातडं, गळ्यात हाडांची माळ. शेजारी बसणारा माझा मित्र बस्तरकडचा. त्याने बराच वेळ ते पान बघितलं आणि छत्तीसगढीत म्हणाला, “ए ह मोर बबा असन दिखथे.” हा माझ्या आजोबांसारखा दिसतो. तो हसत होता. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र मला ते पुस्तक उघडावंसं वाटलं नाही, आणि का ते कळायला बरीच वर्षं गेली.

दंडकारण्य आमच्यासाठी पुराणातलं नाव नव्हतं. रायपूरहून बस पकडली की तिकडे जाता येत होतं. तिथे माणसं राहतात. त्यांचा रंग, त्यांचे केस, त्यांचे दागिने घेऊन कोणीतरी राक्षस रंगवला होता. त्या चित्राला भीतीसाठी सुळे लागलेच नाहीत, माझ्या मित्राच्या आजोबांचा चेहरा पुरला.

चित्रकाराने हे दुष्टपणे केलं असेल असं मी म्हणत नाही. चित्रकथेत चौकट छोटी असते. नायक कोण आणि खलनायक कोण, हे एका नजरेत कळावं लागतं. मग सवयीने गोरा-नितळ चेहरा नायकाला जातो आणि काळा-राकट खलनायकाला. पण दुसरा मार्ग होता. राजा रविवर्म्याचं जटायुवधाचं चित्र बघा. त्यातल्या रावणाला दहा डोकी नाहीत, सुळे नाहीत. तो एक धिप्पाड, सुंदर पुरुष आहे, आणि त्याने नुकताच एका पक्ष्याचा पंख छाटलाय. तिथे भीती वाटते ती त्याने केलेल्या कृत्याची, चेहऱ्याची नाही.

आता त्या अमेरिकन संहितेची एक गोष्ट ऐका. 1956 मध्ये एका प्रकाशकाने एक जुनी विज्ञानकथा पुन्हा छापायला घेतली. एक अंतराळवीर रंगावरून भेदभाव करणाऱ्या यंत्रमानवांच्या ग्रहाला नापास करतो, आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो तेव्हा कळतं की तो स्वतः कृष्णवर्णीय आहे. कथेत ना प्रेत, ना सुळे. तरी संहितेच्या परीक्षकाने आक्षेप घेतला तो त्या काळ्या चेहऱ्यावर. बिल गेन्स हा प्रकाशक अडून बसला आणि चित्र न बदलता छापलं. मुलांना कशापासून वाचवायचं हे ठरवणाऱ्यांनी सुळे मोजले होते. चेहऱ्याच्या रंगाकडे बघणारी स्वतःची नजर मात्र त्यांनी तपासली नव्हती.

म्हणून मुलांना भुताची पुस्तकं देऊ नका, असं मी कधीच सांगणार नाही. उलट जरूर द्या. भीती कागदावर असते तेव्हा मूल पान बंद करू शकतं, पुन्हा उघडू शकतं, बोटाने चाचपून बघू शकतं. घाबरण्याचा असा सुरक्षित सराव आयुष्यात फार ठिकाणी मिळत नाही. फक्त पुस्तक चाळताना त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा: याला राक्षस कशामुळे म्हणायचं? त्याने काय केलं म्हणून, की तो कसा दिसतो म्हणून? उत्तर ‘दिसतो म्हणून’ असं आलं, तर पुढचा प्रश्न विचारा: असं दिसणारं आपल्या ओळखीचं कोणी आहे का?

हा दुसरा प्रश्न मला त्या दिवशी शाळेत कोणी विचारायला हवा होता. माझ्या मित्राला तो विचारावा लागला नाही, त्याला उत्तर आधीच दिसलं होतं.

तुमच्या माळ्यावर जुने चांदोबा किंवा इंद्रजालचे अंक असतील, तर या रविवारी खाली काढा. वाळवी लागली असेल तर झटका, आणि या नजरेने एकदा पुन्हा चाळा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.