नुसते पळून भागत नाही

१५ ऑक्टोबर १९६४. टोकियो ऑलिंपिकची शंभर मीटरची अंतिम शर्यत. अमेरिकेच्या बॉब हेसच्या वाट्याला अगदी आतली, पहिली लेन आली होती. धावपट्टी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सिंडरची, म्हणजे जळक्या कोळशाच्या भुग्याची. त्याआधी वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीतले स्पर्धक या लेनवरून गेल्याने ती पार उखणून निघाली होती. त्यात हेसच्या एका पायात उसना बूट, कारण स्वतःचा एक बूट तो खोलीतच विसरून आला होता. एवढे सगळे आड येऊनही त्याने १०.० सेकंदांत शर्यत जिंकली आणि विश्वविक्रमाशी बरोबरी केली.

खरी कमाल सहा दिवसांनी झाली. चार बाय शंभर मीटर रिलेत शेवटचा टप्पा हेसचा होता. बॅटन हाती आला तेव्हा अमेरिका पाचवी होती. हेसने एकेकाला मागे टाकत संघाला सुवर्णपदक तर मिळवून दिलेच, शिवाय विश्वविक्रमही नोंदवला. त्याच्या या शंभर मीटरची वेळ हाताने घेतली गेली. कुणी ८.५ सेकंद सांगते, कुणी ८.९. धावत्या सुरुवातीचा फायदा गृहीत धरला तरी त्या काळात असे धावणे कुणी पाहिले नव्हते.

ऑलिंपिकनंतर हेस डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघात दाखल झाला. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळायचा धसमुसळा खेळ. मैदान शंभर यार्डांचे, म्हणजे साधारण ९१ मीटरांचे. शंभर मीटर धावणारा इथे रिकाम्या पट्टीवर सुटला, तर त्याला गाठणार कोण, असे कुणालाही वाटेल. संघमालकांनाही तसेच वाटत आले आणि त्यापायी बरेच जण फसले.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जिम हाइन्सने शंभर मीटर ९.९५ सेकंदांत पार केले. तो विक्रम १९८३ पर्यंत टिकला. मायामी डॉल्फिन्सने हाइन्सला संघात घेतले, पण त्याच्या हातून चेंडू इतका निसटे की 'ऊप्स' हे टोपणनावच त्याला चिकटले. त्याच्या अख्ख्या फुटबॉल कारकिर्दीत झेल दोन, यार्ड २३. मेक्सिकोतच दोनशे मीटरचे सुवर्ण जिंकून विजयमंचावर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावणारा टॉमी स्मिथ सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळला. त्याच्या नावावर एकच झेल आहे, ४१ यार्डांचा. ११० मीटर अडथळा शर्यत १३ सेकंदांच्या आत धावणारा पहिला माणूस रेनाल्डो नेहेमाया. १९८१ साली झुरिकमध्ये त्याने १२.९३ ची वेळ दिली आणि पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात गेला. तीन मोसम खेळूनही फुटबॉलपटू म्हणून त्याचे नाव फारसे झाले नाही.

कारण उघड आहे. धावपटू सरळ रेषेत धावतो, त्याची लेन त्याच्या एकट्याची असते. फुटबॉलमधला रिसीव्हर मात्र ठरलेल्या वाटेने निघतो, मध्येच पाय रोवून वळतो, मान मागे टाकून चेंडू शोधतो आणि शंभर किलोंचा गडी अंगावर येत असताना तो झेलतो. आपल्याकडे खो-खो खेळलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शाळेत शंभर मीटरला पहिला येणारा मुलगा खो-खोत पहिल्या मिनिटाला बाद होतो, तो हुलकावणी येत नसल्यामुळे.

वेग मोजण्याची तऱ्हाही गमतीची आहे. या खेळाचा मापदंड चाळीस यार्डांचा, म्हणजे ३६.५८ मीटरांचा. ही प्रथा क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या नावाशी जोडली जाते. लाथेने उंच उडवलेला चेंडू साधारण चाळीस यार्डांवर पडतो आणि हवेत साडेचार सेकंदांच्या आसपास राहतो. तेवढ्या वेळात तिथे पोहोचेल तो कामाचा, असा हा हिशेब.

दरवर्षी इंडियानापोलिसच्या निवड चाचणीत नवे खेळाडू हे अंतर धावतात. तिथे पिस्तुलाचा बार नसतो. खेळाडू मनाला येईल तेव्हा निघतो. त्याची हालचाल पाहून माणूस घड्याळ सुरू करतो आणि शेवट मात्र इलेक्ट्रॉनिक यंत्र टिपते. म्हणून १९८६ साली बो जॅक्सनने हातघड्याळावर दिलेली ४.१ सेकंदांच्या आसपासची वेळ दंतकथेत जमा होते आणि अधिकृत विक्रम म्हणून २०२४ सालच्या झेव्हियर वर्दीच्या ४.२१ सेकंदांचे नाव निघते. त्याच्याआधीचा विक्रम जॉन रॉसचा, २०१७ सालचा, ४.२२ सेकंदांचा. या विक्रमवीराने व्यावसायिक फुटबॉलच्या पहिल्या मोसमात किती झेल घेतले? एकही नाही.

आता खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवलेली असते आणि सामना चालू असतानाच वेग कळतो. या नोंदींत टायरीक हिलने २०१६ साली गाठलेला ताशी ३७.४ किलोमीटरचा वेग सर्वांत वरचा मानला जातो. उसेन बोल्टचा बर्लिनमधला कमाल वेग होता ताशी ४४.७ किलोमीटर. अर्थात बोल्टच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि हातात चेंडूही नव्हता.

पण आकडे बाजूला ठेवून एक धाव पाहा. २५ ऑक्टोबर २०२०, सिअॅटल विरुद्ध अॅरिझोना. अॅरिझोनाच्या बुडा बेकरने स्वतःच्या गोलरेषेजवळ सिअॅटलचा पास मध्येच पकडला आणि तो मोकळ्या मैदानात सुटला. सिअॅटलचा डीके मेटकाफ त्याच्या बराच मागे होता. अंगाने सहा फूट चार इंच, वजनाने शंभर किलोंच्या वर. तिथून त्याने ताशी ३६.४ किलोमीटरचा वेग गाठला आणि नव्वद यार्ड धावलेल्या बेकरला रेषेच्या अलीकडे लोळवले. रेषा गाठण्यासाठी मिळणाऱ्या पुढच्या चारही प्रयत्नांत अॅरिझोनाला गुण मिळाले नाहीत. सामना मात्र अॅरिझोनानेच जिंकला, जादा वेळेत, ३७–३४. पुढच्या मे महिन्यात हाच मेटकाफ खऱ्याखुऱ्या धावपटूंबरोबर शंभर मीटर धावला. वेळ १०.३६ सेकंद, जी त्याच्या अंगकाठीच्या मानाने अचंबित करणारी होती. आपल्या प्राथमिक फेरीत तो शेवटचा आला.

धावपट्टी आणि फुटबॉलचे मैदान, दोन्हीकडे वेग चालणे असे अवघड. म्हणूनच 'सर्वांत वेगवान कोण' या प्रश्नाला माझे उत्तर बॉब हेस हेच आहे. १९६५ च्या पहिल्याच मोसमात त्याने ४६ झेल, १००३ यार्ड आणि १२ टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचवणे, केले. एका बचावपटूने एका रिसीव्हरला धरून ठेवण्याची पद्धत त्याच्यापुढे निकामी ठरली. मग संघांनी माणसाऐवजी मैदानाचा पट्टा राखायला सुरुवात केली. हा 'झोन' बचाव रुळण्यात हेसचा वाटा मोठा मानला जातो. पुढे अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याला तुरुंगवास घडला आणि मानाचे स्थानही लांबले. २००२ मध्ये तो गेला आणि 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव लागले ते २००९ मध्ये. चिप आणि घड्याळे यापुढेही नवे विक्रम नोंदवत राहतील. पण ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि सुपर बोल या व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या विजेत्याची अंगठी हे दोन्ही मिळवणारा आजवर हेस एकटाच आहे.