आरोग्यधोरणाची उमेदवारी

मे महिन्यात परीक्षा आटोपल्या की बहुतेक विद्यार्थी गावाकडे वळतात. काही थोडे मात्र हल्ली वेगळी वाट धरतात आणि सुट्टीचे सहा-आठ आठवडे एखाद्या मंत्रालयात, नीती आयोगात किंवा सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनसंस्थेत उमेदवारी करतात. वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्णालयात करावयाची उमेदवारी सर्वांच्या परिचयाची आहे. ही तिच्याहून निराळी. येथे रोगी दिसत नाही. दिसतात ती टिपणे, तक्ते आणि फायली. त्या कागदांमागचा माणूस ओळखता येणे, हीच या उमेदवारीची कसोटी होय.

पहिला धडा राज्यघटनेचा असतो. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. कुटुंबनियोजन आणि वैद्यकीय शिक्षण हे समवर्ती सूचीत. त्यामुळे दिल्लीत आखलेली योजना राज्याने स्वीकारल्याखेरीज आणि जिल्ह्याने राबविल्याखेरीज रोग्यापर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चाची वाटणी केंद्र व राज्य यांच्यात सर्वसाधारणपणे ६०:४० आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९०:१० अशी आहे. दोघांपैकी एकाचा वाटा उशिरा आला, तर औषधांची खरेदी आणि कर्मचाऱ्यांची नेमणूक दोन्ही रेंगाळतात.

दुसरा धडा आकड्यांचा. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला आणि तातडीच्या योजनेत ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, अशी शिफारस केली. आजचे प्रमाण सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक, तर डोंगराळ व आदिवासी भागांत २०,००० लोकांमागे एक असे आहे. एकाच देशात हे दोन आकडे का, असा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडतो, तो योग्य मार्गाला लागला असे समजावे. डोंगरात माणसे विरळ वसतात आणि पावसाळ्यात ओढा भरला की चार मैलांचा रस्ता दिवसाचा होतो. तेथे डोकी मोजून भागत नाही, अंतरही मोजावे लागते.

धोरण कोठे जन्मते, हा तिसरा धडा. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय व राणी बंग यांच्या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब राखणे आणि जंतुदोषावर उपचार करणे शिकविले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून घरोघरी नवजात अर्भकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. बाळ रुग्णालयात जन्मले असल्यास आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी देते. घरी जन्मले असल्यास सात. ती एक अधिक भेट पहिल्या दिवसाची असते, कारण त्या दिवशी त्या बाळाजवळ दुसरे कोणीही जाणते माणूस असण्याची खात्री नसते. मार्गदर्शिकेतील एका आकड्यात केवढा विचार साठविलेला असतो, हे येथे उमगते.

चौथा धडा लोकांना उत्तर देण्याचा. लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात; अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते आणि त्यावर पूरक प्रश्न नसतो. अशा उत्तरासाठी माहिती जुळविताना 'केंद्र मंजूर आहे', 'केंद्र बांधलेले आहे' आणि 'केंद्र चालू आहे' या तीन वाक्यांतील फरक विद्यार्थ्याला सांभाळावा लागतो. इमारत उभी असून परिचारिकेचे पद रिकामे असेल, तर पहिली दोन वाक्ये खरी ठरूनही रात्री दाराशी आलेल्या बाळंतिणीस त्यांचा काही उपयोग नाही. एका शब्दाच्या ढिलाईने एखाद्या तालुक्याची उणीव तक्त्यातून नाहीशी होते आणि जी उणीव तक्त्यात नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात पैसाही नसतो.

म्हणून या उमेदवारीतले निदान चार दिवस तरी विद्यार्थ्याने उपकेंद्रात काढावेत. तेथील नोंदवही कशी भरली जाते, लसींची पेटी कोण आणते, पाऊस लागला की आशा कोणत्या वाटेने जाते, हे त्याने पाहावे. परत येऊन तोच तक्ता त्याने पुन्हा वाचला, तर त्यातील रिकामी चौकट त्याला आता रिकामी दिसणार नाही. पुढे तो अधिकारी होवो, वैद्य होवो वा पत्रकार, सुट्टीतील एवढी कमाई त्याला जन्मभर पुरेल.