वायरिंग न करता एक्झिट बोर्ड : ‘रेडियम’ मागू नका, हे मागा

दुकान, क्लास, जिम, छोटं कॅफे किंवा गोडाऊन सुरू करताना आपण फर्निचर, लाइटिंग, नावाची पाटी याचं बजेट काढतो. ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ दाखवणारा हिरवा बोर्ड मात्र यादीत शेवटी येतो, नाहीतर येतच नाही.

२९ डिसेंबर २०१७ ची मुंबईतली कमला मिलची आग आठवा. १४ जण गेले. त्यातले बरेच जण बाहेरच्या दाराऐवजी वॉशरूमकडे गेले आणि तिथेच धुराने गुदमरले. तुमचं गिऱ्हाईक तुमच्या जागेत पहिल्यांदाच आलेलं असतं. लाइट गेले, धूर भरला, तर त्याला दार कुठे आहे ते कोण सांगणार? तो बोर्डच.

आता मुद्दा वायरिंगचा. भाड्याच्या गाळ्यात मालक भिंत फोडू देत नाही, आणि इलेक्ट्रिशियनचा खर्च वेगळा. बॅटरीवाल्या एलईडी बोर्डालाही चार्जिंगसाठी लाइन द्यावीच लागते, आणि बॅटरी कधीतरी उतरतेच. म्हणून तिसरा पर्याय बघा : अंधारात स्वतः चमकणारा, म्हणजे फोटोल्युमिनेसंट बोर्ड. दिवसभर तो दुकानातल्या लाइटचा प्रकाश साठवतो आणि लाइट गेले की हिरवट उजेड देतो. ना वायर, ना बॅटरी, ना बिल. गाळा बदलला तर चार स्क्रू काढून सोबत न्या.

पहिला सापळा : ‘रेडियम’

आपल्याकडे बाजारात ‘रेडियमचा बोर्ड द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा गाडीच्या नंबरप्लेटवर लावतात तसा रिफ्लेक्टर कापून मिळतो. त्यावर टॉर्च मारली तर तो झळाळतो, पण अंधारात स्वतः काहीच दाखवत नाही. आगीच्या वेळी टॉर्च घेऊन कोण पळतंय?

दुकानातच टेस्ट करा. बोर्ड ट्यूबलाइटखाली दहा मिनिटं धरा, मग काळोख्या कोपऱ्यात न्या. चमकला तर पुढे बोला, नाही चमकला तर नमस्कार करून निघा.

दुसरा सापळा : थोडा वेळ चमकणारा

जुन्या प्रकारच्या झिंक सल्फाइडच्या रंगाचा उजेड लवकर मावळतो. चांगल्या बोर्डात स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट असतं, त्याचा उजेड कितीतरी जास्त वेळ टिकतो. विक्रेत्याला ‘रात्रभर चमकतो का?’ असं विचारलंत तर तो हो म्हणणारच. त्यापेक्षा टेस्ट रिपोर्ट मागा. त्यात लाइट गेल्यावर १० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी किती उजेड उरतो ते मिलिकँडेला प्रति चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. दोन ब्रँडची तुलना याच आकड्यांवर करा, भावावर नाही.

आणखी एक प्रकार ट्रिटियम वायूचा. त्याला चार्जिंगसाठी प्रकाशही लागत नाही. पण तो किरणोत्सर्गी पदार्थ आहे, सुमारे १२ वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो आणि जुना बोर्ड कचऱ्यात टाकून चालत नाही. छोट्या धंद्याने त्या वाटेला जाऊ नये.

लावताना काय बघायचं?

१. जिथे धंद्याच्या वेळात लाइट सतत चालू असतो तिथेच लावा. बोर्ड उपाशी राहिला तर चमकणार कुठून? सेन्सरवर चालू-बंद होणारं गोडाऊन किंवा मंद पिवळ्या लाइटचं कॅफे असेल तर हा बोर्ड तुमच्यासाठी नाही. तिथे वायरिंगचा खर्च करा.

२. आकार अंतरावरून ठरवा. ढोबळ हिशोब असा : चिन्हाच्या उंचीच्या शंभर पट अंतरावरून ते उजेडात ओळखता येतं. १५ सेंटिमीटरचं चिन्ह म्हणजे १५ मीटर. अंधारात हे अंतर कमी धरा.

३. धूर वर चढतो. म्हणून दारावरच्या बोर्डासोबत भिंतीच्या खालच्या भागात बाणाच्या पट्ट्याही लावा.

४. नुसते शब्द नकोत, पळणाऱ्या माणसाचं चिन्ह हवं. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.

खरेदीआधी एक फोन

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, तिथे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुमच्या जागेला विजेवरचाच बोर्ड लागतो की हा चालतो, हे त्या एजन्सीला आधी विचारा. इमर्जन्सी लाइट ही वेगळी गोष्ट आहे. हा बोर्ड रस्ता दाखवतो, पायऱ्या उजळवत नाही.

बोर्ड लागला की एका रात्री शटर बंद करायच्या आधी मेन स्विच पाडा. सर्वात आतल्या कोपऱ्यात उभे राहा, डोळे अंधाराला सरावायच्या आत बोर्ड दिसतो का बघा. मग त्याच्या दिशेने चालत जा. वाटेत मालाची खोकी लागली किंवा मागच्या दाराला कुलूप निघालं, तर बोर्ड कितीही भारी असो, उपयोग शून्य. आधी खोकी हलवा.

ही टेस्ट याच आठवड्यात करा. स्टाफलाही सोबत घ्या, कारण वेळ आली तर गिऱ्हाइकाला बाहेर काढणारे तेच असतील.