नवी पोथी आणि जुना पाठक

गेल्या श्रावणांतील गोष्ट. सकाळीं पूजेचीं फुलें काढीत असतां माझ्या खिशांतील फोन परसांतील विहिरींत पडला. दुसऱ्या दिवशीं गळ टाकून तो वर काढला, पण त्यांत प्राण उरला नव्हता. तरी मीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं. चिरंजिवांनीं आठच दिवसांपूर्वीं त्या फोनची राखीव प्रत, म्हणजे हल्लींच्या भाषेंत बॅकअप, घरच्या संगणकांत घेऊन ठेवली होती. आणि माझा पूर्वींचा आयफोन ७ कपाटांत सुस्थितींत होता. प्रत आहे, पात्र आहे; एकांतलें दुसऱ्यांत ओतावयाचें, इतकाच माझा हिशेब! परंतु संगणकानें साफ नकार दिला. या फोनवरील प्रणाली फार जुनी आहे, असें त्याचें म्हणणें.

तेव्हां मात्र माझें धाबें दणाणलें. कारण त्या प्रतींत माझ्या मातुःश्रींचा आवाज होता. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षीं, मीं हट्ट धरला म्हणून, त्यांनीं जात्यावरच्या ओव्या अकरा बैठकींत म्हणून दाखविल्या होत्या. पुढें सवडीनें लिहून घेऊं असें मीं म्हटलें, आणि ती सवड कधीं काढली नाहीं. त्या ओव्या पुऱ्या येणारें आमच्या घरांत आज कोणी नाहीं.

मूळ गैरसमज माझाच होता. राखीव प्रत म्हणजे सगळाच्या सगळा फोन, अशी माझी कल्पना. वस्तुतः तींत आपला मजकूर, निरोप, ध्वनिमुद्रणें आणि आपण केलेली मांडणी एवढेंच असतें. फोन चालविणारी प्रणाली तींत नसते. आणि निरनिराळीं ॲप्सही भांडारांतून पुन्हा उतरवून घ्यावीं लागतात. बुडालेला फोन आयओएस १८ या २०२४ सालच्या प्रणालीवर चालत होता. आयफोन ७ हा २०१६ सालचा. त्याची मजल आयओएस १५ पाशीं संपते. २०२२ सालीं आलेली आयओएस १६ त्या फोनास मिळालीच नाहीं.

दर पिढीस प्रणाली आपल्या नोंदींची घडी बदलते, नवे रकाने पाडते. जुन्या प्रणालीस त्या रकान्यांचा अर्थ ठाऊक नसतो. अर्धवट वाचून घोटाळा करण्यापेक्षां वाचूंच नये, असा नियम त्यामुळें घातलेला आहे. ज्या विद्यार्थ्याची शब्दरूपावली ‘देव’ शब्दापर्यंतच झाली आहे, त्याच्या हातीं रघुवंश देऊन काय उपयोग? उलट ज्यास रघुवंश लागतो, त्यास रूपावली वाचतां येतेच. तसेंच येथें. जुन्या प्रणालीची प्रत नव्या फोनांत सुखेनैव उतरते. नव्या प्रणालीची जुन्यांत उतरत नाहीं. अँड्रॉइड फोनांचा रिवाजही हाच आहे.

आयफोन ७ वर आयक्लाउडच्या खात्यांत प्रवेश करतांच नातलगांचे नंबर मात्र आपोआप आले, कारण ते त्या खात्यांतच जुळवून ठेवलेले होते. ओव्यांची तशी व्यवस्था केलेली नव्हती. त्या केवळ संगणकांतील प्रतींत होत्या.

मीं कन्येस पुण्यास फोन केला. ती म्हणाली, “बाबा, घाई करूं नका आणि कांहीं पुसूं नका. माझा जुना आयफोन ११ पडून आहे, तो घेऊन मी रविवारीं येतें.” हा फोन २०१९ सालचा. तो पुष्कळ दिवस बंद असल्यामुळें त्यावरही आयओएस १६ च होती. परंतु दोन्ही फोनांत मोठा भेद आहे. एकाची प्रणाली जुनी आहे आणि ती बदलणें शक्य नाहीं. दुसऱ्याची केवळ मागें राहिली आहे. पहिल्यास उपाय नाहीं, दुसऱ्यास आहे.

तिनें आपला मजकूर आधींच काढून घेतला होता. प्रथम प्रत न उतरवितां तो फोन कोरा म्हणून सुरू केला, विजेस लावला आणि प्रणाली अद्ययावत केली. मग सेटिंगमधून सर्व मजकूर पुसून तो पुन्हा मूळ स्थितीस आणला. त्यानंतर तो संगणकास जोडला. प्रतीस कुलूप घातलेलें होतें. त्याचा परवलीचा शब्द विसरला तर तो परत मिळवून देणें कंपनीसही शक्य नसतें. चिरंजिवांनीं तो पंचांगाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता म्हणून निभावलें. तासाभरांत मातुःश्रींचा आवाज माजघरांत ऐकूं आला. त्या वेळीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

वाचकांनीं या अनुभवावरून इतकें ध्यानांत ठेवावें. प्रत उतरवावयाच्या फोनाची प्रणाली प्रतीइतकी किंवा तिच्याहून नवी हवी. फोन मोडला तर आधीं त्याची जागा घेणारा फोन कोठवर अद्ययावत होतो तें पाहावें, आणि तोंवर जुनें कांहींही पुसूं नये. प्रत आयक्लाउडवर असेल तर विलंबही बरा नव्हे. तेथें प्रत घेणें थांबल्यापासून ती १८० दिवसच राखली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जें गेल्यास पुन्हा मिळणार नाहीं, तें केवळ अशा प्रतीच्या भरंवशावर ठेवूं नये. ही प्रत फोनासाठीं असते, माणसाला थेट वाचतां येईल अशा रूपांत ती नसते. आवाज, छायाचित्रें, पत्रें यांच्या साध्या सुट्या फाइली कोणत्याही यंत्रांत उघडतात. त्या निराळ्या काढून दोन ठिकाणीं ठेवाव्या.

आम्हीं त्याच रात्रीं अकराही बैठकी संगणकावर घेतल्या आणि एकेक प्रत बहिणीस व धाकट्या बंधूंस पाठविली. मी आतां रोज संध्याकाळीं वही घेऊन बसतों. सात बैठकी लिहून झाल्या आहेत. आठवींत एक शब्द लागत नाहीं. तो बहिणीस विचारावयाचा आहे.